नवाचं घर

रंगूबाईला नऊ हा आकडा येत नाही, असं मी कितीतरी महिने समजत होते. एक ते आठ येतात, दहापासून सोळापर्यंत येतात, आणि मधला हा एकच पठ्ठ्या येत नाही, हे कसं काय, असं मला वाटायला हवं होतं. पण मी चिडायचे. चिडायला मला एरवीही कारण लागत नसे, आणि हे तर चांगलं भरभक्कम कारण होतं.

गोष्ट सांगलीची, लढाईच्या वर्षांतली. मी तेव्हा तिशी ओलांडली होती. लहानपणी तापात माझा उजवा पाय खुब्यापासून आखडला तो आखडलाच. पाय असा म्हणून लग्न झालं नाही, लग्न झालं नाही म्हणून आईवडिलांच्या मागे गंगाधरदादाकडे राहिले, आणि दादाच्या घरात पायऱ्या फार म्हणून मला अंगणाच्या कडेची खोली मिळाली. पूर्वी तिथे जळण ठेवत. दादा कोर्टात वकिली करायचा. वहिनी मनानं चांगली होती, ताट वेळेवर यायचं, दिव्याला तेल कधी कमी पडलं नाही. घरातली सगळी माणसं भली असली की रागावायचं कोणावर हा प्रश्नच पडतो. मी सगळ्यांवर थोडं थोडं रागावून घेई.

दुपारची जेवणं झाली की घर झोपायचं. मला दुपारी झोप येत नसे. अंगणात तुळशीपाशी चिमण्या, लांब कुठेतरी गिरणीची टुकटुक, आणि मी. त्या वेळेला सोबत एकच, पुण्याहून येणाऱ्या एका साप्ताहिकाचं शेवटचं पान. त्यावर आकड्यांचं कोडं असे. सोळा घरांचा चौकोन, आडव्या चार ओळी, उभ्या चार. एक ते सोळा आकडे, प्रत्येक आकडा एकदाच. आडवी ओळ मिळवा, उभी मिळवा, कोपऱ्यातून कोपऱ्यात तिरकी मिळवा, बेरीज चौतीसच यायला हवी. चार-पाच आकडे छापलेले असत, बाकीचे आपण शोधायचे. बरोबर उत्तर पाठवणाऱ्यांची नावं पुढच्या अंकात बारीक टाइपात येत. त्यात 'कु. गोदावरी, सांगली' असं आलं की मी ते कोणाला दाखवत नसे, पण स्वतः मात्र पुन्हा पुन्हा काढून बघायची. या घराबाहेर कोणालातरी माझं नाव ठाऊक आहे याचं मला फार अप्रूप वाटायचं.

रंगूबाई बेचाळीसच्या उन्हाळ्यात आली. आटपाडीकडची, धनगराची. माळावर पाऊस नाही, मेंढरं निम्मी विकलेली, नवरा पलटणीत भरती होऊन बोटीनं पूर्वेला कुठेतरी गेलेला, आणि दिराच्या घरात हे एक तोंड जास्त. दादाचे एक पक्षकार होते नानासो म्हणून, त्यांनी तिला आणून अंगणात उभं केलं. मला उठवायचं, न्हाऊ घालायचं, पायाला तेल चोळायचं, असं काम. पंचविशीची असेल. उंच, सावळी, पाठ सरळ. पहिल्याच दिवशी तिनं मला कोकरू उचलावं तसं उचललं. मी ओरडले. तिनं काही खाली ठेवलं नाही.

"पडत न्हाई तुमी," एवढंच म्हणाली.

बोलणं तिचं बेताचं, आणि त्या बेताच्या बोलण्यातही काही शब्द मला विचित्र वाटत. नव्या लुगड्याला ती कोरं लुगडं म्हणे. रामनवमीला रामाचा पाळणा. नवऱ्याला मालक. नवसाला 'देवाला बोललेलं'. मी म्हटलं, असेल तिकडची बोली. सांगलीत बसून आटपाडीची बोली आपल्याला किती कळणार!

एका दुपारी ती उंबऱ्यात बसून माझ्या पाटीकडे बघत होती.

"ताई, ह्यो कसला पट हाय?"

"पट नाही. कोडं आहे."

"सोंगट्या न्हाईत?"

"आकडे आहेत की."

"मंग तुमच्यासंगं खेळतंय कोन?"

मी पाटी जवळ ओढली. "कोणी नाही," म्हटलं. ती उठली, आत आली आणि समोर मांडी घालून बसली.

तिला अक्षर येत नव्हतं, म्हणून पाटी उपयोगाची नव्हती. परसात फुटलेल्या मडक्याच्या खापऱ्या होत्या. त्या तिनं दगडावर घासून गोल केल्या, मी त्यांच्यावर चुन्यानं आकडे काढले. घरं रांगोळीनं जमिनीवर आखायची. मी एकेक खापरी वर धरायची आणि विचारायची, "हा कोण?" ती सांगायची. चार-सहा दिवसांत तिला आकडे ओळखता यायला लागले. नवाशी मात्र गाडी अडायची. खापरी वर धरली की ती पदर सारखा करायची, खाली बघायची, नाहीतर एकदम उठून माझ्या पायाखालची उशी नीट करायची. उशी नीटच असायची.

"अगं, आठानंतर काय?"

"आठाफुडलं."

"आठाफुडलं म्हणजे कोण?"

"आठाफुडलंच की."

मी कपाळाला हात लावायची.

सुरुवात मी तिला नऊ घरांच्या लहान चौकोनानं करून दिली. तिथे बेरीज पंधरा. तिची समजूत अशी की पंधरा होतील असे कोणतेही तीन आकडे वरच्या ओळीत बसवले की झालं. वरची ओळ जमली की ती खूश, आणि खालच्या ओळींना काही केल्या पंधरा येईनात. मी सगळं मोडून टाकायची आणि पुन्हा मांडायला लावायची. "एका ओळीचं समाधान करू नकोस," मी सांगायची, "प्रत्येक घराला आडवं नातं आहे, तसं उभंही आहे. कोपऱ्यातल्या घराला तर तिरकं पण. ज्याला नाती जास्त, त्याचा विचार आधी करायचा." हे तिला पटकन कळलं. मधल्या घराला चारी बाजूंनी नाती, म्हणून तिथे पाच, हे तिनं स्वतः शोधलं. कारणही दिलं. "पाचाच्या अलीकडं चौगं, पलीकडं चौगं. त्यो मधी बसला की दोनी अंगाला सोबत."

मग मी तिला जोड्या लावायला सांगितल्या. पाचाच्या अल्याड एक बसला तर पल्याड कोण, की बेरीज पंधरा होईल?

"दोनाला आठ," ती म्हणाली. "तिनाला सात. चाराला सा."

"आणि एकाला?"

तिनं खापऱ्या चाळवल्या. मग म्हणाली, "एकाला जोडी न्हाई."

"कशी नाही? नऊ आहे की!"

"व्हय. हाय," ती म्हणाली, आणि तेलाची वाटी भरायला म्हणून उठून गेली. मी तिच्या पाठीमागून बरंच काही बोलले.

त्यानंतर नवाची खापरी हरवली. मी दुसरी केली, तीही दोन दिवसांत गेली. तिसरीही गेली. मला आधी वहिनीच्या मुलांचा संशय आला, मग कावळ्याचा. एके सकाळी ती मला न्हाणीकडे नेत होती, तेव्हा तिच्या कनवटीची गाठ सुटली आणि तिन्ही खापऱ्या खळखळ करत फरशीवर पडल्या. मी तिला काय नाही ते बोलले. लबाड म्हटलं, कामचुकार म्हटलं, शिकायचं नसेल तर उंबऱ्यात जाऊन बस म्हटलं. तिनं एका हातानं मला धरून ठेवलं होतं, दुसऱ्या हातानं खापऱ्या वेचल्या.

"आकडा येतुया मला, ताई," ती म्हणाली. "पर तुमी म्हनाया लावता."

दोन दिवस आम्ही चौकोन मांडला नाही. ते दोन दिवस मला फार जड गेले, आणि ते तिला दिसू नये म्हणून मी पाटी घेऊन बसले होते.

दिवाळी झाल्यावर माळावरचे धनगर मेंढरं घेऊन कृष्णेकाठी उतरतात. शेतकरी आपल्या रानात मेंढरं बसवून घेतात, लेंडीखत होतं आणि धनगराला धान्य मिळतं. त्या वर्षी तात्याबा नावाचा तिच्या गावचा एक धनगर हरिपूरकडे उतरला होता. तो लोटाभर दूध घेऊन अंगणात आला. घोंगडं खांद्यावर, पागोटं मळकं, माणूस मोठ्या आवाजाचा, माळावर हाका मारून मारून झालेला.

"काय रंगे, बरी हाईस न्हवं? नवनाथाचं काय कळलं का गं?"

रंगूबाईनं पदर पुढे ओढला आणि मान फिरवली. मी खोलीतून बघत होते. माझ्या डोक्यात एकदम सगळे शब्द रांगेनं उभे राहिले. कोरं लुगडं, रामाचा पाळणा, मालक, आठाफुडलं. बाईनं नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही हे आमच्यातही आहे. वहिनी दादाला 'इकडून', 'तिकडून' करते. पण नावातला तुकडासुद्धा तोंडी येऊ नये म्हणून नवं लुगडं सोडायचं आणि आकड्यांतला एक आकडा सोडायचा, इतकं काटेकोर पाळणारी मी पहिल्यांदाच बघत होते. मालक समोर असता तर गोष्ट वेगळी. तो समुद्रापलीकडे. जणू इथे नाव तोंडी आलं तर तिथे त्याला काही होईल.

तात्याबा गेल्यावर मी तिला बोलावलं. माफीबिफी मागणं मला येत नाही. मी म्हटलं, "रांगोळी आण. आजपासून नियम बदलला. ती खापरी तुझ्याकडेच राहू दे. तिचं घर रिकामं ठेवायचं. पण ते घर कोणतं, हे मात्र बरोबर सांगायचं."

तिनं माझ्याकडे नीट बघितलं आणि पहिल्यांदा हसली. तीनपैकी दोन खापऱ्या तिनं परसात टाकल्या. एक कनवटीला ठेवली.

मग आम्ही सोळा घरांच्या चौकोनाकडे वळलो, आणि मग माझ्या दुपारी कशा जायच्या ते मला कळायचंसुद्धा नाही. जिथे जास्त भरलेलं आहे तिथून सुरुवात करायची. रिकाम्या ओळीच्या नादी लागायचं नाही. दोन घरं राहिली तर त्यांत मिळून किती हवेत ते आधी काढायचं आणि तेवढे कोणत्या जोड्यांनी होतात ते बघायचं. आणि सर्वांत महत्त्वाचं, अंदाजानं आलेला आकडा घरात ठेवायचा नाही. तो रेघेवर ठेवायचा. रेघेवरची खापरी कच्ची, घरातली पक्की. आडव्या ओळीनं जे सांगितलं ते उभ्या ओळीनं कबूल केलं, तरच खापरी रेघेवरून घरात. हा नियम मी तिच्या डोक्यात अगदी ठोकून बसवला, कारण धनगरणीला घाई फार. चूक झाली की ती हातानं सगळी रांगोळीच पुसायची आणि मी ओरडायची.

एक रीत तिची स्वतःची होती. मी वापरलेले आकडे मोजायची. ती उरलेल्या खापऱ्यांकडे बघत बसायची. मी विचारलं तर म्हणाली, "संध्याकाळी मेंढरं आली की आमी मोजत न्हाई, ताई. कोन न्हाई त्ये बगतो. जे न्हाई त्येचं तोंड डोळ्यांफुडं येतं. मंग त्ये कुटं ऱ्हायलं आसंल त्ये हुडकायचं." मला तिची रीत कधी जमली नाही. तिला माझ्यासारखं मनातल्या मनात मिळवणं शेवटपर्यंत जमलं नाही. पण दोघींची मिळून कोडी सुटायची. लढाईत कागदाची टंचाई झाली, साप्ताहिक पातळ झालं, कोडं नखाएवढं झालं, तरी सुटायची. उत्तर मी नऊ लिहून पाठवायची. जमिनीवरचं घर मात्र रिकामं असायचं. बारीक टाइपातलं नाव बघायचं मी मधल्या काळात विसरूनच गेले.

त्याच काळात तिच्या दिराकडून निरोप आला की सरकारी कागद आलाय, नवनाथ बेपत्ता आहे. तिला त्याचं मोठं वाईट वाटल्यासारखं दिसलं नाही. ती म्हणाली, "न्हाई म्हंजी कुटंतरी आसंलच की." कुंकू तसंच, बांगड्या तशाच. नदीवर गेली की ती पुलाकडे बघत उभी राहते, असं वहिनी सांगायची.

लढाई संपली. पूर्वेकडे कैदेत पडलेले शिपाई शेहेचाळीस साली परत येऊ लागले. सातारा, सांगली, कराड, मोटारीच्या अड्ड्यावर कोणी ना कोणी खाकीतला उतरायचा आणि त्याच्याभोवती बाया जमायच्या. रंगूबाईही जायची. परत यायची आणि मुकाट्यानं तेल चोळायला बसायची. तिचे हात त्या दिवसांत फार जोरानं चालत. माझा पाय दुखायचा आणि मी बोलत नसे.

दादानं पलटणीच्या कचेरीला इंग्रजीत अर्ज केला. उत्तर आलं ते त्यानं अंगणात उभं राहून मराठीत सांगितलं. बेपत्ता, मृत्यू झाला असं गृहीत धरण्यात येत आहे.

"गृहीत म्हंजी?" तिनं विचारलं.

"म्हणजे तसं धरून चालायचं."

तिनं माझ्याकडे बघितलं. "म्हंजी कच्चं," ती म्हणाली. "रेघंवरचं."

मी मान हलवली. दादाला काही कळलं नाही. त्याला वाटलं धक्का बसला असेल बिचारीला, आणि तो आत गेला.

त्याच वर्षीच्या हिवाळ्यात तात्याबा पुन्हा उतरला. या वेळी दूध ठेवून तो गेला नाही, ओट्यावर बसला. त्याची बायको वर्षापूर्वी वारली होती. त्यांच्यात नवरा गेलेल्या बाईचा पाट लागतो, म्हणजे दुसरं लग्न होतं, आणि त्यात कोणी नाक मुरडत नाही. आमच्यात मुलीचं पहिलं लग्न झालं नाही तरी लोक तिला जळणाच्या खोलीत ठेवून गप्प बसतात, हे जाऊ दे.

"ताई," तो मला म्हणाला, "तुमचं आईकती ती. तुमीच सांगा. मी काय जोर करत न्हाई. माजा गडी हुता त्यो, संगं मेंढरं राखली आमी. त्यो यायचा आसंल तर मी गप मेंढरं घिऊन फुडं जातो. पर न्हाई यायचा आसंल तर हिनं तोंडानं म्हनावं. शिमग्याला परत फिरायच्या आत."

जाताना त्यानं आणखी एक सांगितलं. त्यांच्या गावचा भाऊसो म्हणून एक कैदेतून सुटून आला होता. तो आणि नवनाथ एकाच टोळीत. जंगलात रस्ता करायला नेलं होतं. नवनाथाला ताप भरला, त्याला झाडाखाली ठेवून टोळी पुढे नेली. मागून आलेल्यांना तिथे कोणी दिसलं नाही.

"मेल्यालं बगितलं का त्येनं?" रंगूबाईनं आतून विचारलं.

"न्हाई. बगितलं न्हाई."

"मंग त्ये बी रेघंवरच," ती म्हणाली.

मला मनातून बरं वाटलं. हे मी सरळ सांगते. ती जाऊ नये असं मला वाटत होतं. मालक जिवंत असो नसो, ती माझ्यासमोर मांडी घालून बसलेली मला हवी होती. तिच्याआधीच्या दुपारी मला आठवत होत्या आणि त्यांची भीती वाटत होती. तिनं विचारलं असतं तर मी काय सांगितलं असतं कोणास ठाऊक. पण तिनं मला काही विचारलंच नाही. ती नेहमीसारखी काम करत राहिली, आणि हिवाळा सरत आला.

शिमगा आठवड्यावर आला होता तेव्हाची दुपार. साप्ताहिक आलं होतं. तिनं चौकोन आखला, मी छापलेले आकडे सांगितले, तिनं खापऱ्या ठेवल्या. कोडं अवघड नव्हतं. वरची ओळ बारा, एक, चौदा, सात, अशी लागली. मग खालच्या घरांत एकेक खापरी रेघेवर जायची आणि घरात सरकायची. ती त्या दिवशी अजिबात घाई करत नव्हती. शेवटी एक घर राहिलं, उजव्या हाताचं, अगदी खालचं कोपऱ्यातलं. तिची खापरी जिथे जायची ते घर. अशा वेळी ती नेहमी 'झालं' म्हणायची आणि हात झटकायची. त्या दिवशी ती तशीच बसून राहिली.

"ताई, मेंढरू चुकलं ना रानात, की त्येची घाटी कानात वाजत ऱ्हाती. समद्या मेंढरांच्या घाट्या वाजत आसल्या तरी त्येची येगळी. त्ये सापडंस्तवर झोप लागत न्हाई."

"हं," मी म्हटलं.

"मालकांची हाळी आशीच यायची मला. हितं, तुमच्या अंगनात. पार लढाई संपंस्तवर. पाय चोळता चोळता कान टवकारायची मी, तुमाला वाटायचं मी आळस करती." तिनं पदर सारखा केला. "आता येत न्हाई. म्या लय आटवून बगितली. त्येंचा आवाजच आटवंना. कसा हुता त्येच गेलं."

ती चौकोनावर वाकली. बोटानं खालची आडवी ओळ दाखवली, सहा, पंधरा, चार. "हितनं पंचवीस." उजवीकडची उभी, सात, दोन, सोळा. "हितनं बी पंचवीस." मग वरच्या डाव्या कोपऱ्यापासून तिरकं बोट ओढत आणलं, बारा, आठ, पाच. "आनि हितनं बी."

"हो," मी म्हटलं.

"तिन्हीकडनं येकच येतंय."

तिनं कनवटीची गाठ सोडली. खापरी काढली. इतक्या वर्षांत अंगाला घासून घासून ती गुळगुळीत झाली होती आणि चुन्याचा आकडा जेमतेम दिसत होता. तिनं ती रेघेवर ठेवली नाही. सरळ घरात ठेवली. आणि तोंडानं म्हणाली, "नऊ."

मोठ्यानं नाही, आणि फार हळूही नाही. कोणी आकडा विचारावा आणि आपण सांगावा, तसं. मग तिनं पदर तोंडात कोंबला आणि ती रडली. मी सरकत सरकत तिच्याजवळ गेले. माझ्याच्यानं असं कधी सरकवत नाही, पण गेले. मी तिच्या पाठीवर हात ठेवून रडत बसले. तिच्यासाठी रडत होते आणि माझ्यासाठीही. रांगोळी लुगड्यांना लागून सगळा चौकोन फिसकटला.

शिमग्याच्या आधी ती गेली. वहिनीनं तिची ओटी भरायला घेतली, मग हे चालतं की नाही या विचारानं थबकली, आणि मग भरलीच. दादानं तिला लुगडं दिलं. ते हातात घेऊन ती मला म्हणाली, "नवं हाय, ताई." मी म्हटलं, "हो, नवं आहे." तात्याबा कोपऱ्यावर उभा होता, मागे मेंढरांची धूळ. निघताना तिनं मला उचलून खोलीच्या दारात बसवलं, पायाखाली उशी सारली, आणि खापऱ्यांचा डबा मांडीवर ठेवला.

"सोळाच्या सोळा हायती," ती म्हणाली.

पुढच्या आठवड्यात साप्ताहिक आलं. दुपारी घर झोपलं. तेल चोळायला आता वहिनीची मोलकरीण यायची, ती सकाळी येऊन जायची. तिच्याकडून मी चौकोन आधीच आखून घेतला होता. खापऱ्या मांडल्या, एकेक रेघेवरून घरात नेली. समोरची जागा रिकामी होती, तिकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं, तरी आकडा सापडला की मान वर व्हायचीच. दोन-तीनदा मी मोठ्यानं बोललेही. शेवटी एकच घर उरलं आणि डब्यात एकच खापरी. ती हातात घेतली. गुळगुळीत होती.

"आठाफुडलं," मी म्हटलं.

मग ती कनवटीला लावली आणि कोणी उठवायला येतंय का याची वाट बघत बसले.